निवळलेले आभाळ आणि आगीचा धोका : अवर्षणप्रवण पट्ट्यासाठी कृषी सल्ला

सोलापूर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या पट्ट्यात डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान हवामान एकसारखे राहत नाही; दमट वारे आले की दोन-तीन दिवस आभाळ भरते, क्वचित शिडकावाही होतो, आणि ते निवळले की कोरडा, थंड वारा सुरू होतो. ढगाळ दिवसांत हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कांद्यावरील करपा यांकडे शेतकरी बांधवांचे लक्ष असतेच, परंतु नंतरच्या कोरड्या दिवसांत वाढणाऱ्या आगीच्या धोक्याकडे दुर्लक्ष होते.

सकाळी बांधावरचे गवत दवाने ओले असल्याने ते पेटवले तरी आग पसरणार नाही, असे वाटते. प्रत्यक्षात बुडखे धुमसत राहतात आणि दुपारी वारा सुटला की तोच विस्तव शेजारच्या उसात शिरतो. त्यामुळे बांध पेटवूच नयेत. उसाचे पाचटही (तोडणीनंतर शेतात राहिलेली वाळलेली पाने) न जाळता सरीत दाबून बसवावे आणि त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागात या आच्छादनाने टिकणारी ओल फार मोलाची आहे.

थंडी वाढल्यावर द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. त्याऐवजी रात्री हलके पाणी देणे अधिक सुरक्षित आहे. धूर करायचाच असल्यास ठिबकच्या नळ्यांपासून दूर, मोकळ्या जागी करावा आणि विस्तव पूर्ण विझेपर्यंत माणसाने तेथून हलू नये.

हुरडा भाजण्याच्या आगटीबाबत (विस्तवाच्या खड्ड्याबाबत) विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. गोवऱ्यांचा विस्तव राखेखाली बराच वेळ जिवंत राहतो. वर नुसती माती लोटून निघून जाऊ नये, पाणी ओतावे, काठीने उकरावे आणि पुन्हा पाणी ओतावे.

कडब्याची गंजी विजेच्या तारांखाली किंवा डीपीजवळ (विजेच्या रोहित्राजवळ) रचू नये. सगळा कडबा एकाच ठिकाणी न ठेवता दोन गंज्या अंतर राखून लावाव्यात व भोवतालची जमीन वखरून गवतविरहित ठेवावी. तारांना झोळ पडला असल्यास महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी, स्वतः तारांना हात लावू नये. तारेमुळे आग लागल्यास वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये. नुकसान झाल्यास जळालेले अवशेष हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून तलाठ्यांना कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा.