दवाखान्याच्या कागदावरचे मरणाचे इंग्रजी शब्द: वाचायचे कसे, लिहायचे कसे

गावात कोणी गेलं की निरोप एका शब्दात पोचतो. 'वारले', 'मौत झाली', 'देवाघरी गेले', कोणताही शब्द वापरा, अर्थ एकच. ग्रामीण रुग्णालयातून, सेवाग्रामच्या दवाखान्यातून किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून मिळालेला कागद मात्र इंग्रजीत असतो. तिथे मरणाच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा, आणि त्या अर्थावर पोस्टमॉर्टम, दाखला, विमा आणि अनुदान ठरतं. तेरवी आटोपल्यावर कागद बघू म्हटलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून माणूस भरती होतो तिथूनच सुरुवात करू.

कॅज्युअल्टीतली पहिली ओळ

'कॅज्युअल्टी' म्हणजे दवाखान्याचा तातडीचा विभाग. इंग्रजी बातमीत 'कॅज्युअल्टीज' म्हटलं की मेलेले आणि जखमी दोन्ही त्यात मोजलेले असतात, त्यामुळे तो आकडा मृतांचाच समजू नका. दारावरच्या पाटीचा मात्र मरणाशी संबंध नाही.

इथे डॉक्टर पहिली नोंद 'अलेज्ड हिस्टरी ऑफ' अशी सुरू करतात. 'अलेज्ड' वाचून नातेवाईक बिथरतात, जणू डॉक्टरला संशय आला आहे. तसं काही नसतं. सोबत आलेल्यांनी सांगितलं ते असं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून सोबत कोण जातं याला फार महत्त्व आहे. ज्यानं घटना डोळ्यांनी पाहिली तो गाडीत बसला पाहिजे. घरी धावपळ करणारा हुशार पुतण्या नंतर आला तरी चालेल.

सर्पदंशात 'स्नेक बाईट' आणि 'अननोन बाईट' यांत मोठा फरक पडतो. 'काहीतरी चावलं' असं सांगितलं की 'अननोन बाईट' लिहिलं जातं. साप दिसला असेल तर तसं स्पष्ट सांगा: किती वाजता, कुठल्या वावरात, शरीराच्या कोणत्या भागाला. साप मारून नेण्याची गरज नाही, दुरून फोटो निघाला तर पुरे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांत दवाखान्याची तत्काळ नोंद हाच मुख्य पुरावा धरतात, तर रस्त्यावरचा अपघात किंवा बुडून मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद लागते. 'अननोन' लिहिलेलं असलं की दावा तिथंच अडकतो.

विषबाधेत तर शब्द आणखी जपून पाहावा लागतो. 'कन्झम्प्शन' म्हणजे पोटात गेलं, 'इनहेलेशन' म्हणजे श्वासातून गेलं, 'एक्सपोजर' म्हणजे अंगावर पडलं किंवा संपर्क आला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तशा घटनेत 'कन्झम्प्शन' लिहिलं गेलं तर पुढे सगळं प्रकरण आत्महत्येच्या बाजूनं वाचलं जातं. फवारणी करत होता, पंप पाठीवर होता, किती तास काम केलं, हे सांगा आणि औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो डॉक्टरला दाखवा. माणसानं खरंच औषध घेतलं असेल तर तेही लपवू नका. उपचार त्यावर ठरतो, आणि व्हिसेरा, म्हणजे पोस्टमॉर्टममध्ये काढलेल्या अवयवांचे नमुने, यांच्या तपासणीत लपवलेलं बाहेर येतंच.

चुकीची नोंद झाली असेल तर ती कोणी खोडून देत नाही, आणि खाडाखोड केलेला कागद उलट संशयास्पद दिसतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे त्याच दिवशी साधा अर्ज लिहा, आपला जबाब जोडून घ्यायची विनंती करा आणि पोच घ्या. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनाही तेच सांगा.

वॉर्डात ऐकू येणारे शब्द

'क्रिटिकल' म्हणजे जिवाला धोका आहे, पण उपचार चालू आहेत. 'पुअर प्रॉग्नोसिस' म्हणजे सुधारण्याची आशा कमी. 'गॅस्पिंग' म्हणजे श्वास तुटक झाला आहे, वेळ फार थोडा आहे. तेव्हा बाहेरच्या माणसांना आत बोलावून घ्यावं. या तिन्ही शब्दांचा अर्थ 'मेला' असा नाही. तो 'एक्स्पायर्ड' किंवा 'डिक्लेअर्ड डेड' लिहिल्यावरच.

'डामा' किंवा 'लामा' लिहून सही मागितली तर थांबा. डॉक्टरांचा सल्ला डावलून आम्ही पेशंट नेतो, असा त्याचा अर्थ. 'रेफर' त्याहून वेगळं: तिथे दवाखानाच मोठ्या ठिकाणी पाठवतो. आपल्याला नागपूरला न्यायचं असेल आणि डॉक्टरांनाही ते मान्य असेल तर 'रेफर' लिहून घ्या. 'डामा' घेऊन घरी आणल्यावर माणूस वारला तर तो दवाखाना मरणाचा कागद देत नाही, कारण मरण तिथे झालेलं नसतं. अशा वेळी सर्पदंश, विषबाधा, भाजणं, करंट किंवा अपघात असेल तर ताटी बांधायच्या आधी पोलिस ठाण्यात कळवा. पोस्टमॉर्टम न होता अग्नी दिला की अपघाती मृत्यू सिद्ध करणं फार अवघड होतं.

'ब्रॉट डेड' म्हणजे आणलं तेव्हाच जीव नव्हता. अशा वेळी डॉक्टर सहसा कारण लिहून देत नाहीत, पोलिसांना कळवतात. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची पोलिस नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो. नातेवाइकांना हा छळ वाटतो, दुःखात तो वाटणारच. पण पुढच्या सगळ्या दाव्यांचा पाया हाच कागद आहे. मर्ग क्रमांक लिहून ठेवा.

बाळंतपणाच्या कागदावरचे दोन शब्द घरात उगाच भांडण लावतात. 'स्पॉन्टेनियस अबॉर्शन' म्हणजे गर्भ आपोआप पडला. बाईनं पाडला असा त्याचा अर्थ नाही. 'आययूडी'चे दोन अर्थ आहेत: पोटात बाळ दगावणं आणि गर्भाशयात बसवलेली तांबी. कोणता, ते नर्सताईंना विचारूनच घ्या. मृत जन्मलेल्या बाळाला 'स्टिलबर्थ' म्हणतात, त्याची नोंद वेगळ्या नमुन्यात होते.

मरणाच्या कारणाचा दाखला

दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, बाहेर झाला आणि डॉक्टरांनी उपचार केलेले असतील तर नमुना ४ए. त्यात 'इमिजिएट कॉज' म्हणजे शेवटी काय झालं, 'अँटेसिडंट कॉज' म्हणजे ते कशामुळे झालं. खालची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण मूळ कारण तिथे असतं. अनेक दाखल्यांवर फक्त 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हृदय आणि श्वास थांबला, जे प्रत्येक मरणात होतं. ते कारण नव्हे. नागाच्या विषानं मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर एवढंच राहिलं तर विमा कंपनी ते नैसर्गिक मरण म्हणून वाचते. दवाखाना सोडण्यापूर्वी डॉक्टरांना आदरानं विचारा: 'सर, खालच्या ओळीत मूळ कारण लिहिलं का?' जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर या दाखल्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. ती मागून घ्या. ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर कारण छापत नाहीत, कायद्यातच तशी मनाई आहे. त्यामुळे विम्याला दोन्ही कागद लागतात.

पोस्टमॉर्टम अहवालात 'व्हिसेरा प्रिझर्व्ह्ड, ओपिनियन रिझर्व्ह्ड' असेल तर मरणाचं मत राखून ठेवलं आहे. नमुने प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, आपल्याकडे विदर्भात नागपूरला किंवा अमरावतीला. अहवाल आपोआप घरी येत नाही, पोलिस ठाण्यात मर्ग क्रमांक देऊन पाठपुरावा करावा लागतो.

नोंद २१ दिवसांच्या आत, आणि मरण जिथे झालं तिथे. माणूस आर्णी तालुक्यातला, पण नागपुरात वारला, तर नोंद नागपुरात होते. ३० दिवसांनंतर वरिष्ठांची परवानगी, एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाव आधारवर आहे तसंच लिहा. सातबाऱ्यावर वेगळं असेल तर वारस फेरफाराला तलाठ्याकडे तेच अडतं.

कुठल्या योजनेला कुठला शब्द

'नॅचरल डेथ' आजारपणाचं किंवा म्हातारपणाचं मरण, 'ॲक्सिडेंटल डेथ' अपघाती. वर्षाला २० रुपये कापणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात २ लाख मिळतात ते अपघाती मरणालाच. वर्षाला ४३६ रुपयांच्या प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यात कारण कोणतंही चालतं, फक्त नव्यानं नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघाताशिवायचं मरण धरत नाहीत. बँक पासबुकात या दोन्ही कपाती शोधा, घरच्यांना अनेकदा माहीतच नसतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही मृत्यूला २ लाख आहेत. वीज पडणं, सर्पदंश, विजेचा धक्का, फवारणीची विषबाधा त्यात येते, आणि अर्ज तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांत द्यायचा असतो.

इंग्रजीत लिहायची वेळ आली तर

अर्जात 'डिसीस्ड' हा शब्द हमखास लागतो. स्पेलिंग डी-ई-सी-ई असं सुरू होतं. डी-आय-एस-ई लिहिलं तर 'डिझीज्ड' होतं, म्हणजे आजारी, आणि असे अर्ज परत आलेले आहेत. नावाआधी 'लेट' म्हणजे कै. आपलं नाव चुकून त्यापुढे येणार नाही एवढं पाहा: 'सन ऑफ लेट' नंतर वडिलांचंच नाव हवं.

फॉर्मवर 'डाइड ऑन' आणि तारीख, एवढं पुरतं. 'लेफ्ट फॉर हेवनली अबोड' निधनाच्या जाहिरातीत शोभतं, दाव्याच्या अर्जात नाही. 'एक्स्पायर्ड' आपल्याकडे चालतं, पण विम्याच्या कागदावर मुदत संपलेल्या पॉलिसीलाही तोच शब्द, म्हणून 'पॉलिसी एक्स्पायर्ड' आणि 'पॉलिसीहोल्डर एक्स्पायर्ड' नीट वाचा. 'लॅप्स्ड' म्हणजे हप्ता न भरल्यानं बंद पडलेली पॉलिसी. 'डिमाइज' म्हणजे निधन, पण जुन्या भाडेपट्ट्यात 'डिमाइज्ड' म्हणजे भाड्यानं दिलेली जागा. 'सर्व्हाइव्ड बाय' म्हणजे मागे राहिलेली माणसं. बँकेच्या 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यात मागे राहिलेला माणूस मृत्यू दाखला देऊन पैसे काढू शकतो.

मुलानं पुण्याच्या कंपनीत रजेसाठी 'माय फादर पास्ड अवे धिस मॉर्निंग' लिहावं. नुसतं 'पास्ड' अपुरं वाटतं, 'पास्ड आउट' म्हणजे बेशुद्ध पडले किंवा शिक्षण पूर्ण झालं. दुसऱ्याच्या घरी मौत झाली आणि निरोप पाठवायचा असेल तर 'सॉरी फॉर युअर लॉस' चालतं. त्यातला 'लॉस' म्हणजे माणूस गमावणं, पैशाचं नुकसान नव्हे. 'किक्ड द बकेट' टवाळीचं आहे, 'पुट डाउन' आणि 'पुट टू स्लीप' जनावरांसाठी वापरतात. मोबाइलच्या भाषांतरात हे आले तर पाठवण्याआधी बदला.