जुने सोबती शोधताना आपली माहिती किती उघडी ठेवावी

पुण्यातल्या एखाद्या शाळेची दहावीची तुकडी वीस-तीस वर्षांनी पुन्हा एकत्र करायचे ठरले, की पहिली अडचण तंत्रज्ञानाची नसते, नावांची असते. जोशी, कुलकर्णी, देशपांडे अशी आडनावे फेसबुकवर शोधली तर न संपणारी यादी पुढे येते, आणि वर्गातल्या बहुतेक मुलींची आडनावे लग्नानंतर बदललेली असतात. काहींची तर नावेही. हा शोध कसा घ्यावा ते पुढे येईलच, पण त्याआधी अर्धा तास स्वतःच्या खात्यासाठी काढावा, कारण आपण ज्यांना संदेश पाठवतो ते उत्तर देण्यापूर्वी आपले पान उघडून पाहतातच. दारावर ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ अशी पाटी लावणारा पुणेकर फेसबुकवर मात्र कडी न घालताच झोपलेला असतो.

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ नावाचा पर्याय आहे. तो वापरला, की पूर्वी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आपल्या सगळ्या जुन्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या मर्यादित होतात. हा बदल एकगठ्ठा मागे घेता येत नाही, म्हणून तो विचार करून करावा. त्याच भागात फोन नंबर आणि ईमेल यांवरून आपल्याला कोणी शोधू शकते, हे ठरवता येते. तेथे ‘ओन्ली मी’ निवडले, तरी नावावरून आपण सापडतोच. मित्रयादीही लपवावी, कारण आपल्या नावाचे बनावट खाते काढणाऱ्याला सर्वांत आधी तीच हवी असते. भारतात २०२० पासून प्रोफाइल कुलूपबंद करण्याची सोयही आहे. मात्र सगळेच बंद केले तर शाळेतल्या मैत्रिणीला आपण ओळखूच येणार नाही, तेव्हा एक स्पष्ट चेहऱ्याचे छायाचित्र आणि शाळेचे नाव एवढे दिसू द्यावे, असे माझे मत आहे.

शाळेचे नाव दिसू द्यायचे असेल, तर आणखी एक काम ओघाने आलेच. काही बँका आणि ईमेल सेवा ओळख पटवण्यासाठी पहिली शाळा, आईचे माहेरचे आडनाव, जन्मगाव असे प्रश्न विचारत आल्या आहेत, आणि जुन्या मित्रांच्या गप्पांत नेमकी हीच उत्तरे उघड्यावर पडतात. आजोळच्या आठवणी लिहू नयेत असे कोण म्हणेल? त्यापेक्षा त्या सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे बदलून तेथे वस्तुस्थितीशी संबंध नसलेले शब्द घालावेत आणि ते घरच्या वहीत लिहून ठेवावेत.

आता शोधाकडे वळू. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकावे. दीक्षित किंवा वैद्य यांसारख्या आडनावांची रोमन स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, ती सगळी पाहावीत. मैत्रीण सापडत नसेल तर तिच्या भावाला शोधावे, कारण त्याचे आडनाव बदललेले नसते. वाड्यातले शेजारी शोधणाऱ्यांसाठी रस्ता वेगळा आहे: १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतली अनेक घरे विखुरली, आणि त्या पिढीतले पुष्कळ जण स्वतः फेसबुकवर नसले तरी त्यांची मुले-नातवंडे असतात. पेठेतल्या गणेशोत्सव मंडळाच्या पानावरील जुन्या छायाचित्रांखालचे अभिप्राय वाचावेत. तेथे हमखास कोणीतरी ‘हे आमचे काका’ असे लिहिलेले असते.

पहिला संदेश लिहिताना नंबर मागू नये, आपला द्यावा. भावाकडूनही बहिणीचा नंबर घेऊ नये. आपला तिच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी, म्हणजे बोलायचे की नाही हे तिचे तिला ठरवता येते. संदेश असा असावा: ‘मी १९९२ च्या दहावीचा, ब तुकडीतला. आपण प्रयोगशाळेत एकाच टेबलाशी असायचो. ओळख पटली तर जरूर कळवावे. नाही कळवले तरी गैरसमज नाही.’ मित्रयादीत नसलेल्यांना पाठवलेला संदेश बहुधा ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो आणि महिनोन्‌महिने उघडला जात नाही, तेव्हा थोड्या काळाने एकदा आठवण करून द्यावी, त्यानंतर मात्र थांबावे. प्रत्येकाला सापडायचे असतेच असे नाही.

उलट बाजूने असा संदेश आपल्याला आला, तर माणूस तोच आहे का याची खात्री करताना आठवण सांगू नये, विचारावी. ‘गणिताच्या तासाला कोण वर्गाबाहेर उभे असायचे?’ या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही प्रोफाइलवर सापडत नाही. आधार कार्डाची प्रत मागणे किंवा देणे अगदी अनावश्यक.

खरी गळती मात्र आपल्या पानावरून होत नाही, ती स्नेहमेळाव्याच्या एक्सेलमधून होते. उत्साही संयोजक एक तक्ता फिरवतो: पूर्ण नाव, जन्मतारीख, फ्लॅट क्रमांकासह पत्ता, मोबाइल, नोकरी, मुले कोणत्या देशात. त्याची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडता येईल अशी ठेवलेली असते, आणि मेळावा होऊन वर्ष उलटले तरी ती चालू असते. संयोजकाने नाव, मोबाइल आणि उपनगर एवढेच रकाने ठेवावेत. कोथरूड किंवा सहकारनगर एवढे कळले की गाडीतून एकत्र येण्याची सोय होते. वाढदिवस हवाच असेल तर दिनांक आणि महिना घ्यावा, वर्ष नको. मेळावा झाला की लिंक बंद करावी.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येक सभासदाचा नंबर इतर सर्वांना दिसतो, म्हणून परस्पर कोणाला घालू नये. आपल्यालाही अनोळखी कोणी परस्पर घालू नये यासाठी प्रायव्हसीमध्ये जाऊन ग्रुपबाबत ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडावे. ग्रुपची लिंक फेसबुकच्या खुल्या पानावर टाकू नये. जुने वर्गचित्र टाकायला हरकत नसावी, पण मुलांची, गणवेशातल्या नातवंडांची आणि घराच्या पाटीची छायाचित्रे तेथे नकोत. व्हॉट्सअ‍ॅपचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा अंकी पिन ठेवावा. ‘चुकून माझा कोड तुझ्याकडे आला, पाठव ना’ असे ग्रुपमधल्याच मित्राच्या नावाने आले, तर तो कोड आपल्याच खात्याचा असतो आणि मित्राचे खाते बहुधा आधीच गेलेले असते. पैशांची मागणी आली तर त्याला थेट फोन लावून त्याचा आवाज ऐकावा.

पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. आपल्या नावाचे बनावट खाते आढळल्यास आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्या पानाची लिंक उतरवून ठेवावी, मगच मित्रांना ते रिपोर्ट करायला सांगावे, कारण खाते एकदा हटवले गेले की पोलिसांना दाखवण्यासाठी आपल्या हाती काही उरत नाही.