स्थानिक प्रश्नावर तरुणांसोबत काम कसं करावं : आधी निर्णय वाटून घ्या

तरुणांना सोबत घ्यायचं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो : त्यांना आवडेल असं काहीतरी ठेवा. मग स्पर्धा होते, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात आणि महिन्याभरात गट पांगतो. हा सल्ला पूर्णपणे बाजूला ठेवा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना करमणूक हवी तेवढी मिळते, त्यासाठी त्यांना तुमच्या बैठकीला यायची गरज नाही. आपण बोललो तर खरंच काही बदलतं का, हे बघायला ती येतात.

प्रश्न निवडणं

एकच घ्या, आणि तीन-चार महिन्यांत काहीतरी हलेल एवढा आटोपशीर घ्या. ‘मुलींची सुरक्षितता’ म्हटलं की भाषणं होतात. ‘वाचनालयाच्या वाटेवर संध्याकाळी दिवे नसतात, म्हणून मुली सहानंतर येत नाहीत’ म्हटलं की काम सुरू होतं. हे बदलण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, ते एका ओळीत सांगता येत नसेल तर प्रश्न अजून लहान करा.

पाहणी

एक मोठा, एक तरुण अशा जोड्या करा आणि नकाशा घेऊन फिरा. लांबलचक प्रश्नावलीच्या नादी लागू नका. दोघांना एकाच जागी वेगवेगळं दिसलं तर दोन्ही लिहा.

निर्णय वाटून घेणं

खरी अडचण इथे आहे. मला सर्वांत जास्त याच टप्प्याने छळलं आणि चांगले चांगले गट मी इथेच मोडताना पाहिले आहेत. पाहणीत तरुण हवे असतात, फलक रंगवायला हवे असतात, सतरंज्या उचलायला तर हवेच असतात. काय करायचं हे ठरवायची वेळ आली की मात्र चार ज्येष्ठ एकीकडे बसून ठरवून मोकळे होतात.

1992 साली रॉजर हार्ट या अभ्यासकांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बसवणं. या तिन्ही पायऱ्यांना हार्ट सहभाग म्हणायलाच तयार नाहीत. आपला उपक्रम कोणत्या पायरीवर आहे ते एकदा प्रामाणिकपणे तपासा. सर्वांत वरची पायरीही नीट पाहा : तिथे मुलं एकटी नाहीत. काम त्यांनी सुरू केलेलं असतं आणि निर्णय मोठ्यांसोबत मिळून घेतलेले असतात. म्हणून ‘आता तुमचं तुम्हीच बघा’ म्हणून अंग काढून घेणं हेही तितकंच चुकीचं आहे.

पहिल्या संयुक्त बैठकीआधी एका कागदावर तीन रकाने आखा : तरुण ठरवतील, मिळून ठरवू, मोठे ठरवतील. पहिल्या रकान्यात थोडा तरी पैसा असलाच पाहिजे, ही माझी अट आहे. पैसा नसेल तर तो रकाना शोभेचा. अमेरिकेतल्या बोस्टन शहराने 2014 मध्ये शहराच्या खर्चातले दहा लाख डॉलर कुठे वापरायचे, हे 12 ते 25 वयाच्या रहिवाशांवर सोपवलं होतं. तुमच्याकडे त्या रकमेचा हजारावा हिस्साही नसेल, तरी जे आहे त्यातलं काही त्यांच्या हाती द्या. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे कारण लिहा : कायदा, सुरक्षितता, सही कोणाची लागते. ‘आम्हाला अनुभव आहे’ हे कारण चालणार नाही. अनुभव असेल तर तो माहिती म्हणून आधी सांगा, नकार म्हणून नंतर वापरू नका.

कसोटी लागते ती तरुणांनी तुम्हाला न पटणारा निर्णय घेतला की. पहिल्या रकान्यातली गोष्ट असेल तर तो मान्य करा. एकदा जरी फिरवलात तरी खेळ संपला. मोठी माणसं भांडतात, रुसतात, पुन्हा येतात. तरुण भांडत नाहीत. ‘परीक्षा आहे’ म्हणतात आणि परत दिसत नाहीत. गळती लागली की त्यांच्या बांधिलकीला दोष देण्याआधी, त्यांचा शेवटचा कोणता निर्णय तुम्ही बदललात ते आठवा.

बैठकीत एकट्या तरुणाला ‘प्रतिनिधी’ म्हणून बसवू नका. दहा मोठ्यांपुढे एक मुलगी काय बोलणार? निदान एक तृतीयांश जागा त्यांच्या असाव्यात, वेळ त्यांच्या वर्गाची नसावी आणि पहिलं बोलणं त्यांचं असावं. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे नुसते माना डोलावतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं आणि त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन द्यावं असं सांगतं. ऐकून घेतलं एवढ्यावर ते कलम थांबत नाही.

कार्यालयात जाणं

जोडीनेच जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मांडणी तरुणाने करावी. अधिकारी हटकून मोठ्या माणसाकडे बघून उत्तर देतो. तेव्हा मोठ्याने एवढंच म्हणावं, ‘हे तिला विचारा, नोंदी तिच्याकडे आहेत.’

इथे तडजोड नाही

दारू, अमली पदार्थ किंवा हिंसाचाराच्या प्रश्नावर मुलांना पुरावे गोळा करायला कधीही पाठवू नका. अठराखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि फोटो टाकण्याआधी मुलांना स्वतःलाही विचारा.

पुढची फळी

तरुण जाणारच. शिक्षण, नोकरी, लग्न, काहीही निमित्त असेल. प्रत्येक जबाबदारीवर पहिल्या दिवसापासून एक जुना आणि एक नवा असे दोघं ठेवा. अर्जांच्या प्रती, पोचपावत्या आणि कोणत्या सूचनेचं काय झालं याची वही एकाच्या फोनमध्ये अडकू देऊ नका. नाकारलेल्या सूचनाही कारणासकट त्या वहीत असू द्या. नव्याने आलेली मुलं आधी तीच पानं उघडतात.