इन्स्ट्रक्टर झाल्यावर महिन्याला किती तास मिळतात? जाहिरातीतला आकडा आणि लॉगबुकातला आकडा

अमेरिकेत सीएफआय, म्हणजे विमान उडवायला शिकवणारा इन्स्ट्रक्टर, होऊन एअरलाइनसाठी उड्डाणाचे तास जमवायचे, हा बेत पुण्या-नाशिकच्या बऱ्याच घरांत कर्जाच्या कागदांसोबतच ठरतो. "आमच्याकडे महिन्याला १०० तास" असं स्कूलवाले सांगतात, आणि तो आकडा १२ ने गुणून घरचे मोकळे होतात. १०० तासांचा महिना येत नाही असं नाही. वर्षात एखाददुसरा येतोही. तो दर महिन्याला येईल असं धरून हप्ते ठरवलेत तर मात्र गोत्यात याल.

कायद्याची वरची मर्यादा आधी बघा. कोणत्याही सलग २४ तासांत प्रत्यक्ष उड्डाणाचं शिक्षण ८ तासांपेक्षा जास्त देता येत नाही. तारीख बदलली की मोजणी नव्याने सुरू होत नाही. काल संध्याकाळचं उड्डाण आज सकाळी मोजलं जातं. ग्राउंड ब्रीफिंग यात धरत नाहीत. पण खरं सांगायचं तर या मर्यादेला टेकण्याची वेळ फारच थोड्यांवर येते. तास अडतात ते भलतीकडेच.

आठवड्याला सहा दिवस, रोज दोन-दोन तासांचे चार स्लॉट, म्हणजे २४ स्लॉट. कागदावर हे ४८ तास दिसतात. हवामान, विमान मेंटेनन्सला जाणं आणि विद्यार्थ्याने ऐनवेळी टांग देणं, यात सात-आठ स्लॉट जातात असं धरा. भाड्याने आणि शिकवायला वापरल्या जाणाऱ्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी करावीच लागते. तीन विमानं एकाच आठवड्यात तपासणीला आली की डिस्पॅचचा (विमानं वाटून देणाऱ्या टेबलाचा) बोर्ड ओस पडतो. उरले १७. त्यातले तीन ग्राउंड किंवा सिम्युलेटरचे. त्यांचे पैसे मिळतील, उड्डाणाचे तास नाहीत. उरले १४. दोन तासांच्या स्लॉटमध्ये ब्रीफिंग, प्रीफ्लाइट, इंधन आणि डीब्रीफ गेलं की हॉब्सवर (विमानातल्या तास मोजणाऱ्या मीटरवर) सव्वा तासच चढतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे आठवड्याला साधारण १७ तास आणि महिन्याला सत्तरीच्या आसपास. ही बऱ्या महिन्याची गोष्ट झाली. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वादळी ढग उठतात, ओरेगनमध्ये हिवाळाभर ढग खाली बसतात, ॲरिझोनात जून-जुलैत दुपारी विमान चढता चढत नाही. असे महिने ३५-४० वर उतरतात. वर्षाला ६५० ते ७५० धरा. त्याहून जास्त मिळाले तर आनंदच आहे.

आता जिथे बहुतेक नवे फसतात ते. "तुम्हाला पाच विद्यार्थी देऊ" हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका. किती विद्यार्थी यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर आहेत हे विचारा.

प्रायव्हेटचा, म्हणजे पहिल्या खासगी परवान्याचा, विद्यार्थी कायद्याच्या किमान ४० तासांत क्वचितच संपतो. ६०-७० तास लागतात. सुरुवातीला त्याच्याबरोबर आठवड्याला तीन-चार उड्डाणं होतात आणि तुमचे तास भराभर वाढतात. मग तो सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, जातो. सोलोचे तास त्याचे. तुम्ही रॅम्पवर हातात रेडिओ घेऊन उभे, किंवा त्याचं क्रॉस-कंट्री (लांबच्या उड्डाणाचं) प्लॅनिंग तपासून एन्डॉर्समेंटवर (परवानगीच्या नोंदीवर) सही करताय. जबाबदारी तुमची, लॉगबुकात शून्य. त्यानंतर त्याची तयारी पूर्ण होते आणि तो परीक्षकाच्या तारखेची वाट बघत बसतो. कित्येक भागांत परीक्षकांची टंचाई आहे, चेकराइडला (उड्डाणाच्या परीक्षेला) कधी आठवडेच्या आठवडे लागतात. या काळात तो हात बसलेला ठेवण्यापुरता आठवड्यातून एकदा उडतो. पैसे संपत आलेले असले तर तेवढंही नाही.

पाचही विद्यार्थी एकाच बॅचचे असले तर पाचही जण एकदम सोलोला जातात आणि पुढे एकदम चेकराइडच्या रांगेत लागतात. त्या दोन महिन्यांत तुमचे तास निम्म्यावर येतात. तुमचं शिकवणं बिघडलं म्हणून नव्हे, उलट पाचही जण वेळेत तयार झाले म्हणून! यावर उपाय म्हणजे विद्यार्थी टप्प्याटप्प्याने मागून घ्या: दोन नवखे, एक सोलोजवळचा, दोन इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता उपकरणांवर उडायला शिकणारे). इन्स्ट्रुमेंटच्या प्रशिक्षणात सोलो जवळजवळ नसतोच, विद्यार्थ्याबरोबर तुमचेही तास चालू राहतात. म्हणून सीएफआय झाल्या झाल्या डबल-आय (इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचं रेटिंग) उरकून टाका. "आधी थोडे पैसे जमू देत" म्हणून तो पुढे ढकलणारे महिन्याला १५-२० तास सोडून देतात, असं माझं ठाम मत आहे.

नुसत्या बेरजेकडे बघणाऱ्यांची दुसरी फजिती १,५०० तासांजवळ, म्हणजे एटीपी या एअरलाइन पायलटच्या परवान्याला लागणाऱ्या एकूण तासांजवळ, आल्यावर होते. पूर्ण एटीपीला ५०० तास क्रॉस-कंट्री, १०० रात्रीचे, ७५ इन्स्ट्रुमेंटचे आणि मल्टी-इंजिनचे ५० लागतात. वय २१ पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या रिस्ट्रिक्टेड एटीपीला क्रॉस-कंट्री २०० पुरतात. इन्स्ट्रक्टरचं आयुष्य मात्र पॅटर्नमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत) आणि जवळच्या प्रॅक्टिस एरियात जातं. एटीपीसाठीच्या क्रॉस-कंट्रीत ५० नॉटिकल मैलांपेक्षा लांब गेलं की झालं, उतरावं लागत नाही. तेव्हा ॲप्रोचचा (उपकरणांवर उतरायला येण्याचा) सराव ५५ मैलांवरच्या विमानतळावर न्या आणि लॉगबुकात त्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळा रकाना ठेवा. विद्यार्थी हूडखाली (बाहेरचं दिसू न देणाऱ्या झापडीखाली) असतो तेव्हा इन्स्ट्रुमेंट टाइम त्याचा असतो. तुम्ही बाहेर बघताय, तुमचा नाही. प्रत्यक्ष ढगात शिकवलंत तरच तुम्हालाही लिहिता येतो. ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात तास भरपूर मिळतात, पण ढग आणायचे कुठून? तिथे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून आलटूनपालटून स्वतः हूड घाला.

घाबरून जाऊ नका. यातलं काहीही अवघड नाही, फक्त आधी माहीत असायला हवं. शिकवताना तुम्ही पीआयसी (विमानाचे प्रमुख वैमानिक) म्हणून जे तास लिहिता ते अस्सल असतात. नवख्याने फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) चुकवताना योकला (विमानाच्या स्टिअरिंगला) कधी हात घालायचा आणि कधी थांबायचं, ही समज भाड्याच्या विमानात एकट्याने घिरट्या घालून येत नाही. "सहा महिन्यांत १,५००" असे व्हिडिओ करणाऱ्यांकडे एक तर स्वतःचं विमान असतं किंवा पेन. पेनाच्या नादाला लागू नका. हॉब्स, डिस्पॅच शीट आणि लॉगबुक ताडून बघायला फार वेळ लागत नाही. खोट्या कागदांवर परवाने काढल्याची प्रकरणं आपल्याकडे २०११ साली उघडकीस आलीच होती.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. भारतीय पासपोर्टवर एफ-१ या विद्यार्थी व्हिसाने गेला असाल तर साधारणपणे ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने मिळतात, आणि त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. एम-१ या व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसावर प्रॅक्टिकल ट्रेनिंग जास्तीत जास्त सहा महिने. २५० तासांवर सुरू करून वर्षाला ७०० मिळाले तरी तुम्ही ९५० वर थांबता. १,५०० होत नाहीत, आणि झाले तरी तिथल्या एअरलाइनला कामाचा परवाना लागतोच. दुसरीकडे, भारतात ज्युनियर फर्स्ट ऑफिसर व्हायला १,५०० ची अट नाही. २०० तासांच्या सीपीएलवर (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यावर) टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण) करून मुलं सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसतात. म्हणजे परतायचं असेल तर ते वर्ष तासांच्या आकड्यासाठी नव्हे, अनुभवासाठी आणि थोडं कर्ज हलकं करण्यासाठी आहे. हवामानाने घरी बसवलेल्या दिवशी डीजीसीएचे (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचे) पेपर काढा: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स. परत आल्यावर ते करू म्हणणाऱ्यांचं अख्खं वर्ष त्यातच जातं.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी चीफ इन्स्ट्रक्टरला नव्हे, तिथल्या सर्वात नव्या इन्स्ट्रक्टरला गाठा. गेल्या जानेवारीत आणि गेल्या जुलैत हॉब्सवर किती झाले, हे विचारा. सरासरी विचारू नका. उडण्याच्या स्थितीत रोज किती विमानं असतात आणि इन्स्ट्रक्टर किती आहेत, हेही विचारा. एका विमानामागे दोनपेक्षा जास्त इन्स्ट्रक्टर असतील तर सकाळचे चांगले स्लॉट जुन्यांकडे जाणार हे धरून चाला. ग्राउंडचे पैसे मिळतात का, रद्द झालेल्या स्लॉटचे काय, किमान तासांची हमी लेखी आहे का, मल्टी-इंजिन शिकवायला विमा कंपनी किती तास मागते. विमानाची शेवटची १०० तासांची तपासणी किती दिवस चालली, हे मेंटेनन्सवाल्याला विचारा.