परदेशी मित्राला मराठी संगीत ऐकवताना

पहिल्याच दिवशी चाळीस गाण्यांची यादी पाठवू नका, ती कोणी ऐकत नाही. चार-पाचच निवडा आणि सुरुवात ठेक्यापासून करा, कारण शब्द कळत नसले तरी ताल लगेच पोहोचतो. सुलोचना चव्हाण यांची एखादी लावणी घ्या. मात्र आधी हेडफोन लावायला सांगा. फोनच्या छोट्या स्पीकरवर ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा ऐकूच येत नाही, उरते ती कोरडी टिकटिक, आणि मग 'यात एवढं काय आहे' असं वाटणारच.

त्यानंतर भीमसेन जोशी यांचा अभंग. भजनी ठेका 8 मात्रांचा असतो, म्हणून आठपर्यंत मोजत टाळी द्यायला शिकवा. दोन-तीन आवर्तनांत समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, जागा सापडते. पोवाडा शेवटी ठेवा. डफ-तुणतुण्याचा जोश कळतो, पण कथा माहीत नसेल तर तो लांबतो.

शब्दशः भाषांतर टाळा, त्यात सगळा रस आटतो. कोण गातंय, कोणाला उद्देशून, कुठे गायलं जातं, एवढं दोन ओळींत लिहा. 'विठ्ठल' हा शब्द तसाच राहू द्या. सोबत पंढरपूरच्या आषाढी वारीचा एखादा फोटो जोडा.

गाण्याचं नुसतं नाव कळवू नका. रोमन लिपीत एकाच नावाची स्पेलिंगं अनेक होतात आणि शोधताना भलतंच रिमिक्स हाती लागतं. थेट लिंक द्या, आणि ती त्यांच्या देशात उघडते का ते आधी विचारा.