दहिवराच्या दिवसांत गाडीला सीलंट कसं लावायचं

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, नागपूर, यवतमाळकडे रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. दुपारी मात्र तोच 25-28 पर्यंत चढतो. त्यामुळे वॅक्स किंवा सीलंटच्या, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या, कामाला आपल्याकडे खरी आडकाठी थंडीची नसते, दहिवराची असते. दिवस मावळला की टपावर ओल धरायला लागते आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ती सुटत नाही. गाडी धुवायची, सुकवायची, थर लावायचा, पुसायचा आणि वर त्याला वाळायला चार-पाच तास द्यायचे, एवढं सगळं एका दिवसाच्या उन्हात बसत नाही. म्हणून काम दोन दिवसांत वाटून घ्या. पहिल्या दिवशी धुणं, डांबराचे शिंतोडे काढणं आणि क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवणं. दुसऱ्या दिवशी अकरा ते दीडच्या दरम्यान फक्त थर.

वॅक्स घ्यायचं की सीलंट? कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं. लाल-काळ्या गाडीवर त्याची झळाळी छान दिसते, पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते दीड-दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. सीलंट कृत्रिम पॉलिमरचं असतं. झळाळी थोडी काचेसारखी वाटते, पण ते चार ते सहा महिने निघतं. गाडी अंगणात नाहीतर वावराच्या धुऱ्यावर उभी राहत असेल तर सरळ सीलंट घ्या. हौस असेल तर दुसऱ्या दिवशी त्यावर वॅक्स लावता येतं. उलटं करू नका, मेणावर सीलंट धरत नाही.

दुकानात वॅक्स, सीलंट आणि कंपाउंड या तीन वेगवेगळ्या वस्तू ‘पॉलिश’ म्हणून हातात देतात. डब्यावर कंपाउंड, स्क्रॅच रिमूव्हर किंवा क्लीनर वॅक्स असं लिहिलेलं असेल तर त्यात घासणारे कण असतात. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात आणि वरचा पारदर्शक क्लिअरकोट त्यातला जेमतेम 40-50. तो दर दिवाळीला घासायची वस्तू नाही. आणि सीलंटकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नका: समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली गिट्टी ते अडवत नाही. ते अडवतं ऊन, पाण्याचे डाग, पाखरांची विष्ठा आणि चिकटून बसणारी धूळ.

धुण्यात सगळ्यात मोठी चूक रोज सकाळी होते. दहिवराने ओली झालेली गाडी पाहिली की फडकं घेऊन पुसून काढायची सवय असते. पण त्या ओलीत रात्रभराची धूळ बसलेली असते. मुरमाच्या रस्त्याची धूळ, तुरीच्या मळणीचं कुटार, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी, औष्णिक केंद्राजवळ राख. फडक्याखाली हे सगळं पॉलिश पेपरचं काम करतं, आणि दुपारच्या उन्हात बोनेटवर जे गोल गोल ओरखडे चमकतात ते तिथूनच येतात. सकाळी निघायची घाई असेल तर फक्त काचा पुसा.

नीट धुण्यासाठी आधी नुसत्या पाण्याची धार मारून माती सोडवा, चाकांच्या वरच्या कमानींत जास्त वेळ. मग दोन बादल्या घ्या, एकीत 10 लिटर पाणी आणि बाटलीवर दिलेल्या मापाने कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर पॅनलनंतर साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून खाली या, दारांच्या खालचा पट्टा सगळ्यात शेवटी. कपड्यांची पावडर वापरू नका. ती आधीचा थर उतरवते आणि रबर कोरडं पाडते. डिझेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची पद्धत तर सोडूनच द्या. त्या तेलकट थरावर धूळ बसते आणि सीलंट पकडच घेत नाही.

पाणी कोणतं, याला आपल्या भागात फार महत्त्व आहे. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं आणि अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ते खारटच असतं. थंडीत पाणी हळू सुकतं म्हणून डाग पडणार नाहीत असं वाटतं, पण थेंब उडून गेला तरी त्यातला क्षार मागे राहतोच. धुणं बोअरवर करा, शेवटची धार मात्र नळाच्या नाहीतर आरओच्या पाण्याची द्या. 10 लिटरमध्ये लहान गाडी निघते. घरच्या आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी जपून ठेवून त्याने गाडी धुणारे बरेच आहेत. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. आधीचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन मिनिटभर ओलं फडकं ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण उडून पडलेले चुन्याचे ठिपकेही असेच सुटतात, ताजे असतील तर.

धुतल्यावर पातळ पॉलिथीनची पिशवी हातात घालून बोनेटवरून हात फिरवा. खरखर लागली तर क्ले बार लागेल. गुळगुळीत असेल तर क्लेच्या नादी लागू नका, कारण हलका हात असला तरी तो बारीक ओरखडे पाडतोच. थंडीत क्ले कडक होतो, म्हणून तो दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मळून घ्या. 1 लिटर पाण्यात चमचाभर शाम्पू टाकून पत्रा सतत ओला ठेवा आणि सरळ रेषेत, वजन न देता फिरवा. क्ले मातीत पडला तर फेकून द्यायचा, कितीही नवा असो. डांबराचे शिंतोडे असतील तर ते क्लेच्या आधी टार रिमूव्हरने काढा आणि ती जागा पुन्हा शाम्पूने धुवा. मग गाडी छताखाली लावा.

टिनाच्या शेडमध्ये एक भानगड असते. पहाटे टिनाच्या आतल्या बाजूला पाणी जमतं आणि थेंब थेंब गाडीवर पडतं. ताज्या सीलंटवर हे थेंब पडले की गोल डाग उमटतात. गाडी आणि टिनाच्या मध्ये ताडपत्री ताणून बांधा, गाडीला टेकू देऊ नका. ताज्या थरावर कव्हर घालणंही नको, त्यात ओल कोंडते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पाणी मारून गाडी पुसून घ्या. चारही दारं, डिक्की आणि पेट्रोलचं झाकण उघडून फटी पुसा, आरसे हाताने थोपटा. तिथलं लपलेलं पाणी नेमकं सीलंट लावताना ओघळतं. मग 1 भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 6 भाग पाणी हे मिश्रण मायक्रोफायबरवर फवारून एकदा सगळीकडे पुसा, जवळपास विडी-शेगडी नको. वॉशिंग सेंटरने मारलेलं सिलिकॉन आणि तेलकटपणा त्याने जातो.

पत्र्याला हाताची उलटी बाजू लावून पाहा. गार झोंबत असेल तर थांबा. 15 ते 30 अंश चांगले. काळं बोनेट मात्र जानेवारीच्या उन्हातही हात ठेववत नाही इतकं तापतं, तेव्हा काम सावलीतच. निंबाच्या झाडाखाली नको, पाखरं असतात. नुकतीच चालवून आणलेली गाडी असेल तर बोनेट निवू द्या. पेस्ट वॅक्स थंडीत दगड होतं; बंद डबा कोमट पाण्यात बसवा, गॅसवर कधीच नाही, त्यातलं द्रावक पेट घेतं.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. फोमच्या पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब घ्या, तेवढ्यात अर्धं बोनेट होतं. हॅचबॅकला एकूण 15-20 मिली, मोठ्या गाडीला 25-30 मिली पुरतं. याहून जास्त लागलं तर थर जाड झाला असं समजा. जाड थर जास्त टिकत नाही; पत्र्याला लागलेला तेवढाच राहतो, बाकीचा फडक्यात जातो. उन्हाळ्यात ही चूक खपून जाते. थंडीत द्रावक हळू उडतं, जाड थर ओलाच राहतो आणि पुसताना चिकट पट्टे पडतात.

बाटलीवर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असलं तरी 18-20 अंशांत पंचवीस-तीस धरा. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: कोपऱ्यात बोट ओढा, स्वच्छ चमकदार रेघ उमटली तर पुसायला घ्या, फरकटलं तर थांबा. पुसायला 300-400 जीएसएमची (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबरची दोन कापडं, पहिलं काढायला, दुसरं चमकवायला. दीडपर्यंत हात निघाला पाहिजे, म्हणजे दहिवर पडायच्या आत थर बसतो. दुसरा हात द्यायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी.

पट्टे राहिले तर घासत बसू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच सीलंट अगदी थोडं त्या जागी फिरवून लगेच पुसा, जुना थर मऊ होऊन निघतो. प्लास्टिकवर पांढरं बसलं तर मऊ ब्रश आणि शाम्पूचं पाणी.

डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या पॅनलला मात्र निदान दोन महिने काहीच लावू नका. नव्या रंगातलं द्रावक बाहेर पडत असतं, आणि थंडीत ते आणखी सावकाश.