महिन्याला दहा टक्के देतो म्हणणाऱ्याचा हिशेब कसा तपासावा, आणि त्याच पैशात धंदा कसा उभा करावा

‘एक लाख भरा, दर महिन्याला दहा हजार खात्यात, वर्षाने मुद्दल परत.’ ही ऑफर बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून येते. मेहुणा, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलांच्या शाळेतले सर. म्हणूनच चौकशी करायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा आणि होकार-नकार देण्याआधी कागदावर एवढं मांडा.

१०० जणांनी प्रत्येकी १ लाख भरले, म्हणजे १ कोटी जमा झाले. एजंटांचं ५ टक्के कमिशन धरा, ५ लाख गेले. उरले ९५ लाख. दर महिन्याला १०० जणांना दहा-दहा हजार म्हणजे १० लाख वाटायचे. कुठलाही धंदा न करता, नुसते लोकांचेच पैसे लोकांना परत देत राहिलं, तरी हप्ते नऊ महिने बिनचूक जातात. दहाव्या महिन्यात गल्ल्यात ५ लाख असतात आणि द्यायचे असतात १० लाख. मुद्दल तर कुणाचंच उरलेलं नसतं. मधल्या काळात नवे लोक आले, की हीच मुदत आणखी लांबते.

म्हणूनच ‘मला तर सहा महिने वेळेवर मिळतायत’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. त्या माणसाला त्याच्याच एक लाखातले साठ हजार परत मिळालेले असतात. धोका इथेच असतो. चौथ्या-पाचव्या हप्त्यानंतर भरवसा बसतो, मग बायकोचे दागिने मोडून किंवा १४ टक्क्यांचं पर्सनल लोन काढून पाच लाख टाकले जातात आणि भावाला, साडूलाही आणलं जातं. बुडते ती ही दुसरी रक्कम, आणि तिच्याबरोबर नातीही.

दुसरा हिशेब दराचा. ७२ ला वार्षिक दराने भागलं, की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील याचा अंदाज येतो. ७ टक्क्यांच्या एफडीला दहा वर्षांच्या वर लागतात. महिन्याला दहा टक्के परत त्यातच गुंतवत गेलात तर एका लाखाचे वर्षात ३ लाख १४ हजार आणि पाच वर्षांत ३ कोटी ४ लाखांच्या वर व्हायला हवेत. असा धंदा खरोखर हातात असलेला माणूस बँकेकडून १२-१५ टक्क्यांनी कर्ज घेईल. तो तुम्हाला वर्षाला १२० टक्के का देतोय, हा प्रश्न समोरासमोर विचारा. उत्तरात ‘फॉरेक्स’, ‘क्रिप्टो बॉट’, ‘परदेशी कंपनी’ असे शब्द आले आणि हिशेबाचा कागद आला नाही, तर तिथेच थांबा.

मोजायला एक सरकारी पट्टीही आहे. ठेवी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या बिगरबँकिंग वित्त कंपनीलाही रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ठेवीवर वर्षाला १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देता येत नाही, आणि १२ महिन्यांपेक्षा कमी मुदतीची ठेव घेता येत नाही. महिन्याला तीन टक्के ‘फक्त’ देणारासुद्धा या पट्टीच्या कितीतरी बाहेर आहे.

आता कागद. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले गुमास्ता लायसन्स, जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, कंपनी नोंदणीचा दाखला हे सगळं खरं असू शकतं, पण यातल्या एकाही कागदाने लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी मिळत नाही. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिली किंवा पुढच्या तारखेचे चेक दिले म्हणून पैसे सुरक्षित होत नाहीत. ज्या खात्यात पैसेच उरणार नाहीत, त्या खात्याचा चेक वटणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर जाऊन संस्थेला ठेवी घ्यायची परवानगी आहे का ते पाहा. शेअर बाजाराचा सल्ला देणारा असेल तर सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच आणि ब्रोकरचा आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो. त्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाका आणि नाव, पत्ता, फोन जुळतो का बघा. दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरणं हा नेहमीचा प्रकार आहे.

पतसंस्थेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गावोगावी लोक तिला बँकच समजतात. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, दर ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. एखादी पतसंस्था आसपासच्या बँकांपेक्षा चार टक्के जास्त देत असेल, तर तो जास्तीचा दर या जोखमीचा आहे, आणि आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवू नये.

योजनेचं रूप बदलतं, गाभा तोच राहतो. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा द्यायचं आश्वासन देत होता आणि जुन्यांना नव्यांच्या पैशातून देत होता. २०१९ मध्ये सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजना कोसळल्या. पिल्लं आणि खाद्य कंपनी देणार, अंडी-कोंबड्या चढ्या भावाने कंपनीच घेणार, असा करार. कंपनीने उचल थांबवली तेव्हा शेडमध्ये पक्षी उपाशी आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज. अशा ‘बाय-बॅक’ करारात एकच गोष्ट तपासायची असते. सही करण्याआधी जवळच्या बाजारात जाऊन चार व्यापाऱ्यांना विचारा, हा माल करारातल्या भावाने तुम्ही घ्याल का? कंपनी सोडून कुणीच घेणार नसेल, तर तो भाव खरा नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या टोरेस शोरूमसमोर पैसे थांबल्यामुळे गर्दी झाली, तिथे खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा द्यायची योजना होती.

मोबाइलवरचा प्रकार वेगाने घडतो. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करायचे किंवा हॉटेलला रेटिंग द्यायचे दीडशे रुपये खरोखर मिळतात. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो, हजार भरले की तेराशे परत. तेही मिळतात. त्यानंतर पाच हजार, तीस हजार, आणि मग ‘तुमचं एक टास्क चुकलं, पैसे गोठले, सोडवायला आणखी ऐंशी हजार’. बनावट ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये शेवटची पायरी ‘टॅक्स’ची असते. स्क्रीनवर २० लाख दिसतात, काढायला आधी ४ लाख भरायला सांगतात. स्वतःचे पैसे काढण्यासाठी आधी बाहेरून कर भरावा लागतो, असं कुठल्याही खऱ्या ब्रोकरकडे नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून अ‍ॅप टाकू नका, आणि ‘ब्रोकर’च्या नावाने एखाद्या व्यक्तीच्या किंवा ट्रेडर्सच्या चालू खात्यात पैसे भरू नका.

कायदेशीर बाजारातही झटपट पैसा स्वस्त नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांमध्ये) उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि त्यांचा सरासरी तोटा खर्च धरून सुमारे २ लाख होता.

कॉलेजच्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट आजच मुलांशी बोलावी. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.’ त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात. खातं गोठतं आणि पोलीस सर्वांत आधी खातेदाराच्या दारात येतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणालाही द्यायचं नाही, मित्रालाही नाही.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन फसवणुकीत पहिले काही तास सर्वांत मोलाचे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. नंतर बँकेत लेखी अर्ज द्या. ठेव योजनेत फसला असाल तर पोलीस ठाण्यात किंवा आर्थिक गुन्हे शाखेत जा. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, एमपीआयडी, आहे आणि त्याखाली मालमत्ता जप्त होते. ‘तक्रार केली तर सगळ्यांचेच पैसे अडकतील’ असं एजंट सांगतात. तेवढ्या वेळात मालमत्ता विकली जाते. आणि ‘बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणाराही फसवायलाच आलेला असतो.

पैशांची निकड खरी असते, ती नाकारून चालत नाही. रुग्णालयाचं बिल किंवा शाळेची फी आठवड्यात भरायची असेल, तर घरातलं सोनं बँकेत तारण ठेवा किंवा एफडीवर कर्ज घ्या. सात दिवसांचं कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. अ‍ॅपवरून घ्यायचंच असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव आणि एकूण खर्चाचा तक्ता आधी दाखवायला हवा. तो नसेल आणि अ‍ॅप तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागत असेल, तर काढून टाका.

आता तोच एक लाख कामाला लावायचा असेल तर. उदाहरण म्हणून सकाळच्या पोह्यांची गाडी घेऊ, कारण तिच्यात प्रत्येक रुपया कुठून आला ते दिसतं. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

एक किलो जाड पोहे ६० रुपये, अर्धा किलो कांदा १५, शेंगदाणे १०० ग्रॅम १५, तेल २०, मिरची-कढीपत्ता-कोथिंबीर-लिंबू २०, मीठ-साखर-हळद-मोहरी ५, वरून शेव १०० ग्रॅम २५. झाले १६०. गॅस आणि कागदी प्लेट धरून २००. किलोभर पोहे भिजून, कांदा घालून दोन-सव्वादोन किलो होतात. १२० ग्रॅमच्या १८ प्लेट निघतात. २० रुपयांनी ३६० आले. किलोमागे १६० सुटले. दिवसाला पाच किलो विकले तर ८०० रुपये.

पण पाच किलो केले आणि एक किलो उरला तर? खर्च हजार, विक्री ७२ प्लेटची १,४४०, हातात ४४०. एका किलोच्या उरण्याने कमाई जवळजवळ निम्मी होते. या धंद्यात नवा माणूस इथेच मार खातो. म्हणून एकदम मोठी कढई भरायची नाही. कांदा चिरून, दाणे तळून तयार ठेवायचे, पोहे किलो-किलोने चाळणीत धुवायचे आणि कढईत अर्धा किलो राहिले की पुढची खेप टाकायची. पोहे पाण्यात भिजत ठेवले तर लगदा होतो. धुवून, निथळून दहा मिनिटं झाकायचे, मीठ-साखर तेव्हाच लावायची. गाडीवर वाऱ्याने ते लवकर कोरडे पडतात, म्हणून परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, वाफेवर मऊ राहतात. नागपूरकडे तर्री लागते, तिचा खर्च वेगळा धरा.

जागा ठरवण्याआधी तीन दिवस सकाळी साडेसहा ते दहा तिथे उभं राहून येणारे-जाणारे मोजा. एमआयडीसीचं गेट असेल तर पहिल्या पाळीची वेळ सात असते, म्हणजे सहा-सव्वासहाला पहिली कढई तयार हवी. एसटी स्टँड, कोर्ट, रुग्णालय यांची वर्दळ वेगळ्या वेळी. घरगुती सिलिंडर गाडीवर वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, छोट्या विक्रेत्यांची नोंदणी ऑनलाइन होते. नगरपालिकेकडून फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मिळालं, की फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी या केंद्राच्या योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकतं. ऑगस्ट २०२५ पासून पहिलं कर्ज १५ हजार, ते वेळेवर फेडलं की २५ हजार, मग ५० हजार.

पहिले दोन-तीन महिने आठशेच्या जागी चारशेच धरून चाला. म्हणून एक लाखातले ४५-५० हजार गाडी, शेगडी, भांडी, सिलिंडर यात घाला आणि २० हजार घरखर्चासाठी बाजूला काढा. बाकी पावसाळ्यासाठी आणि मोडतोडीसाठी. सगळा पैसा स्टीलच्या चकचकीत गाडीत घालणारे महिन्यात उसनवारीवर येतात. नुसते कष्ट पुरत नाहीत. पहाटे चारला उठून, किती उरलं याची नोंद न ठेवता केलेली मेहनत वर्षभरात माणसाला थकवते आणि हाती काही लागत नाही.

रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा: किती किलो केले, किती उरले, गल्ला किती. गल्ल्यातून उद्याच्या मालाचे पैसे आधी वेगळे काढा, घरखर्च नंतर. उधारी ठेवायची तर ठरावीक गिऱ्हाइकांचीच, आठवड्याच्या पगाराला वसूल होणारी. क्यूआर कोडचे पैसे त्याच एका खात्यात येऊ द्या. सहा महिन्यांनी ते बँक स्टेटमेंट घेऊन बँकेत गेलात, की तुमचा रोजचा धंदा मॅनेजरला तारीखवार दिसतो. पोहे रोज संपायला लागले आणि लोक ‘चहा नाही का?’ विचारू लागले, की मगच दुसरी शेगडी घ्या.